परक्या किनाऱ्यावरचा १७ मार्च

माझी थोरली मुलगी डब्लिनच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. यंदा मार्चमध्ये मी तिच्याकडे होते, त्यामुळे आयरिश लोकांचा १७ मार्चचा सेंट पॅट्रिकचा सण डब्लिनमध्येच बघायला मिळेल असे मी धरून चालले होते. पण तिच्या एका आयरिश मैत्रिणीचे आईवडील निवृत्तीनंतर स्पेनच्या कोस्ता ब्लांका किनाऱ्यावर राहायला गेले आहेत आणि त्यांनी आम्हा सर्वांना सणासाठी तिकडेच बोलावले. आयर्लंडचा व्हिसा स्पेनला चालत नाही, म्हणून स्पेनसह युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणारा शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागला. युरोपात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे बेळगावचा कुंदा घरीच राहिला होता. यजमानांसाठी मी बेळगावातल्याच शाहापूरहून आणलेला भडंग तेवढा बरोबर घेतला.

त्यांचे गाव काबो रोइग. समुद्रावर झुकलेल्या कड्यावर तिथे सोळाव्या शतकातला टेहळणीचा बुरूज आहे, चाच्यांवर नजर ठेवण्यासाठी बांधलेला. डब्लिनमध्ये मी स्वेटरवर कोट घालून वावरत होते, इथे सुती साडीवर भागले.

१७ मार्चला दुपारी मुख्य रस्त्याच्या दुतर्फा माणसे उभी राहिली. सगळे हिरवेच असेल अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात गर्दीत निळा, लाल, पिवळा असे कितीतरी रंग होते. यजमानांनी सांगितले की आयर्लंडमध्ये परंपरेने ३२ परगणे मानतात आणि गेलिक फुटबॉल व हर्लिंग या खेळांतल्या परगण्यांच्या संघांचे रंग ठरलेले असतात, म्हणून डब्लिनचा माणूस निळी जर्सी घालतो, कॉर्कचा लाल, केरीचा हिरवी-सोनेरी. ते स्वतः मेयोचे, त्यामुळे हिरव्या-लाल जर्सीत होते. अनोळखी माणूस दिसला की आधी जर्सीकडे बघून, मग "कोणत्या गावचे?" असे विचारून बोलणे सुरू होई. परमुलखात गाव विचारण्यातला हा जिव्हाळा मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. पुढे बॅगपाइप वाजवणारे आले, मग हात शरीरालगत सरळ ठेवून केवळ पायांनी नाचणाऱ्या लहान मुली आल्या, आणि यजमानीणबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला.

ज्याच्या नावाने हा सण होतो तो पॅट्रिक मुळात आयर्लंडचा नव्हता. पाचव्या शतकात, वयाच्या सुमारे सोळाव्या वर्षी, त्याला रोमन ब्रिटनमधून लुटारूंनी पळवून आयर्लंडमध्ये गुलाम म्हणून नेले. सहा वर्षे गुरे राखून तो निसटला, आणि पुढे धर्मोपदेशक होऊन त्याच लोकांत स्वतःहून परतला. तीन पानांचे शॅमरॉक हे रोपटे दाखवून त्याने एकाच देवाच्या तीन रूपांची ख्रिस्ती कल्पना समजावली, ही मात्र दंतकथा. आयर्लंडमध्ये या दिवशी सार्वजनिक सुट्टी १९०३ पासून आहे, पण पुढे कितीतरी वर्षे तो मुख्यतः चर्चमध्ये जाण्याचा दिवस होता आणि मद्यालयेही बंद असत. मिरवणुकीची सर्वांत जुनी नोंद सापडते ती समुद्रापलीकडची, फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीन या तेव्हाच्या स्पॅनिश वसाहतीतली, १६०१ सालची. न्यूयॉर्कची मिरवणूक १७६२ पासूनची. म्हणजे हा सण रस्त्यावर आणला तो घरापासून दूर पडलेल्या माणसांनी, आणि पहिली नोंद तर उन्हातल्या, समुद्रकाठच्या, स्पॅनिश राज्यातल्या गावाचीच.

यजमानांकडून हे ऐकताना मला आमची शिवजयंती दिसत होती. बेळगावात ती परंपरेने वैशाख शुद्ध द्वितीयेला होते आणि त्यानंतर चित्ररथांची मिरवणूक निघते. गल्लीगल्लीतली मंडळे ट्रॉलीवर जिवंत देखावे उभे करतात, तालमीतली मुले मावळे होतात, आणि शेवटचा चित्ररथ पुढे सरकेपर्यंत पहाट झालेली असते. पुण्यात राहणारी माझी बहीण एकदा हे बघून म्हणाली होती, "तुमच्याकडे एवढे कसे गं?" राज्याच्या सीमेबाहेर राहिलेल्या माणसाला आपले असणे दरवर्षी रस्त्यावर येऊन सांगावे लागते, हे मी तेव्हा तिला नीट सांगू शकले नव्हते.

भाषेची गोष्ट मात्र वेगळी निघाली. आयर्लंडमध्ये रस्त्यांच्या पाट्यांवर आयरिश भाषा असते, घटनेने तिला पहिल्या राजभाषेचे स्थान दिले आहे, पण बहुतेक घरांत इंग्रजीच बोलतात. यजमानांनी मला "डीया ग्विच" म्हणायला शिकवले. देव तुमच्याबरोबर असो, असा त्याचा अर्थ, आपल्या रामरामासारखा. एवढेच आणि आणखी थोडे आपल्याला येते, हे सांगताना त्यांचा आवाज उतरला. आमच्या घराघरात मराठी नांदते आहे आणि आम्ही पाटीवरच्या मराठीसाठी झगडत आहोत, हे मी सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "घरातली सोडू नका."

रात्री गच्चीवर भडंग खाताना मी त्यांना लोकमान्य टिळकांविषयी सांगितले. एप्रिल १९१६ मध्ये टिळकांनी होमरूल लीगची स्थापना केली ती बेळगावात, आणि 'होमरूल' हा शब्द आयर्लंडच्या चळवळीतून आलेला. एप्रिल १९१६ म्हणताच यजमान सरसावून बसले, कारण डब्लिनमधला ब्रिटिश सत्तेविरुद्धचा ईस्टरचा उठाव त्याच महिन्याच्या २४ तारखेला सुरू झाला होता. मेयोत वाढलेल्या त्या माणसाने बेळगावचे नाव कधी ऐकले नव्हते. त्याने ते वहीत लिहून घेतले, आणि तुमची मिरवणूक कधी असते, असे विचारले.

तिथीप्रमाणे तारीख बदलते, म्हणून परतल्यावर पंचांग बघून मी ती कळवली. चित्ररथांच्या रात्री रामदेव गल्लीच्या तोंडाशी उभी राहून मी त्यांना व्हिडिओ कॉल लावला. आमच्याकडे साडेबारा वाजले होते, त्यांच्याकडे नऊ, आणि त्यांच्या गच्चीमागे समुद्रावरचा उजेड अजून पुरता मावळला नव्हता. ढोलांच्या आवाजात बोलणे काही ऐकू येईना, तेव्हा मी फोन उंच धरला. यजमान मेयोची जर्सी घालून बसले होते.