गव्हाचे सत्त्व

बालरुग्ण विभागात आहारतज्ज्ञाला निरोप येतो तो बहुधा रुग्णाला घरी सोडण्याच्या दिवशी, आणि तोही एका ओळीचा: वजन वाढेल असा तक्ता लिहून द्या. साडेचार वर्षांच्या त्या मुलीसाठी असा निरोप मला दुसऱ्यांदा आला होता. वजन 11.2 किलो, हातपाय काटकुळे, पोट मात्र नगाऱ्यासारखे. दोन वर्षांत तिला जंताचे औषध तीनदा देऊन झाले होते, दूध बंद करून पुन्हा सुरू झाले होते, क्षयाच्या तपासण्या झाल्या होत्या आणि लोहाचे औषध चालू असूनही हिमोग्लोबिन 7.4 वरून हलत नव्हते. गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याचे अस्तर झिजते त्या सिलिॲक आजाराची रक्ततपासणीही 'निगेटिव्ह' होती. त्याच फायलीत आठ महिन्यांपूर्वीचा, माझ्या अक्षरातला तक्ता होता: सकाळी गव्हाचे सत्त्व, दुपारी तूप लावून पोळी, संध्याकाळी शेवयांची खीर.

या खेपेस मी तक्ता लिहिण्याआधी तिच्या आईशी तासभर बोलले. कालपासून काय काय खाल्ले, हे आम्ही सगळ्यांनाच विचारतो. पण ही कधी बरी असते, हे मी पहिल्या भेटीत विचारले नव्हते. आई म्हणाली, "मॅडम, मंगळवेढ्याला आजीकडे गेली की हिचं पोट आत जातं. पाण्याचा फरक असेल." मंगळवेढा म्हणजे ज्वारीचा मुलूख. आजीकडे दोन्ही वेळा भाकरी, पुण्यात दोन्ही वेळा पोळी आणि मधल्या वेळी बिस्किटे.

ती निगेटिव्ह तपासणी ज्या प्रतिपिंडावर आधारलेली असते ते आयजीए वर्गातले असते, आणि मुळात शरीरातच आयजीए नसेल तर अहवाल निगेटिव्ह येणारच. म्हणून एकूण आयजीए सोबत मोजायचे असते. ते कोणी मोजलेले नव्हते, कारण प्रयोगशाळेच्या पॅकेजमध्ये ते नव्हते आणि अहवालात ठळक छापलेल्या आकड्यापलीकडे बघायला ओपीडीत कोणाला सवड नसते. मी सरांना विचारले. ते आधी वैतागले, पण त्यांनी त्याच दुपारी रक्त पाठवले, हे त्यांचे श्रेय. आयजीए जवळजवळ शून्य होते. दुसऱ्या वर्गातल्या प्रतिपिंडाची तपासणी पॉझिटिव्ह आली आणि दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढायचे ठरले.

तारीख मिळाली तीन आठवड्यांनंतरची. "मग गहू आजपासूनच बंद करते," आई म्हणाली, आणि मला नको म्हणावे लागले. गहू थांबवला की अस्तर भरून येऊ लागते आणि तुकड्यात पुरावा सापडेनासा होतो. त्यामुळे तपासणी होईपर्यंत रोज पोळी चालू ठेवणे भाग होते. नियम बरोबर आहे आणि मी पुन्हाही तेच सांगेन. तरीही जे विष वाटते ते स्वतःच्या हाताने कुस्करून भरवायला मी त्या बाईला तीन आठवडे लावले. तिने एक दिवसही चुकवले नाही.

तुकड्यात अस्तरावरचे अंकुर सपाट झालेले दिसले. गहू बंद झाला, घरात भाकरी, भात, नाचणी सुरू झाली, पण पाच आठवड्यांनीही जुलाब पुरते थांबेनात. मग मी घरातला एकेक डबा बोलून तपासला. वरणातला हिंग डबीतला होता, आणि बाजारातल्या खड्याच्या नसलेल्या हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. ज्वारी ते गिरणीतून दळून आणत होते. त्याच पात्यावर आधी कोणाचा तरी गहू पडलेला. घरघंटी घ्यायला त्यांना दोन महिने लागले. तोवर आजीने गावाकडे जात्यावर दळून पिठाचे डबे एसटीने पाठवले.

सहा महिन्यांनी वजन 13.6 किलो आणि हिमोग्लोबिन 10.8 भरले. त्या भेटीत आईने सहज विचारले, "मॅडम, ते सत्त्व आपण किती दिवस दिलं होतं, हे सरांना सांगायचं का?" मी हो म्हटले आणि फायलीत लिहिले: आठ महिने, आमच्या सल्ल्याने.