आईच्या गुडघ्यांच्या मापाचा टब

गेल्या आठवड्यात पुण्याहून वहिनीचा फोन आला. नव्या फ्लॅटचं बाथरूम मोठं आहे आणि तिथे जपानी पद्धतीचा खोल टब बसवायचं तिच्या मनात आहे. "तुमच्याकडे आहे ना तसा, मग कुठला घेऊ ते सांग," म्हणाली. तासभर बोललो तरी बरंच राहून गेलं, म्हणून सगळं इथे लिहून काढते.

आम्ही टोकियोत एदोगावा भागात राहतो. तीन वर्षांपूर्वी इथे एक जुनं लाकडी घर घेतलं. बाकी घर ठीक होतं, पण बाथरूमच्या फरशा तडकलेल्या आणि टब इतका आखूड की गुडघे हनुवटीला लागायचे. ते सगळं काढून नवीन करायचं ठरलं, तेव्हा या विषयात शिरावं लागलं.

टबाआधी मोरीचं बोलू. जपानी माणूस टबात अंग धुवायला उतरत नाही. टबाशेजारी उतार दिलेली ओली जागा असते. तिथे छोट्या स्टुलावर बसून साबण लावायचा, तांब्यासारख्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या भांड्याने अंगावर पाणी घ्यायचं, पूर्ण स्वच्छ व्हायचं आणि मगच गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसायचं. ही आपली मोरीच. सांगलीच्या आमच्या वाड्यातल्या न्हाणीघरात बंबाशेजारी पाट असायचा, तिथे बसूनच आम्ही लहानाचे मोठे झालो. त्यामुळे वहिनीला पहिलं हे सांगितलं, की टबाशेजारी बसून अंघोळ करता येईल एवढी जागा उरत नसेल तर खोल टब घेऊच नकोस. साबणाचं पाणी टबात गेलं की दरवेळी टब रिकामा करावा लागतो आणि मग त्याचा सगळा अर्थच जातो.

इथे अख्खं बाथरूम कारखान्यात तयार होऊन सुट्या भागांत घरी येतं आणि दोन-तीन दिवसांत जोडलं जातं. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकच्या वेळी हॉटेलं घाईने उभी करायची होती, तेव्हापासून ही पद्धत रुळली. मापं चार आकड्यांत सांगतात. १६१६ म्हणजे आतून १६० बाय १६० सेंटीमीटरची खोली, १२१६ म्हणजे १२० बाय १६०. आमच्या घरात १२१६च बसत होतं, म्हणजे टबाची लांबी जेमतेम ११५ सेंटीमीटर. नवरा उंच आहे, त्याचा जीव थोडा खट्टू झाला.

पण शोरूममध्ये गेल्यावर वेगळंच कळलं. तिथे बूट काढून, कपड्यांनिशी रिकाम्या टबात बसून बघू देतात. मी १६० सेंटीमीटरच्या लांब टबात बसले तर पाय पलीकडच्या भिंतीला पोचेनात आणि पाठ हळूहळू खाली घसरायला लागली. पाणी भरलेलं असतं तर तोंड बुडालं असतं. तिथल्या बाईंनी लगेच आखूड टबात बसवलं. तळपाय समोर टेकले, पाठ ताठ राहिली, खांदे बरोबर पाण्याच्या रेषेखाली. त्या म्हणाल्या, टब घरातल्या सगळ्यात बुटक्या माणसाच्या मापाने घ्यावा, उंच माणूस गुडघे दुमडू शकतो. मला ते तिथल्या तिथे पटलं.

आमच्या घरातली सगळ्यात बुटकी मोठी व्यक्ती म्हणजे आई. दर वर्षी ती दिवाळीच्या आधी येते आणि अडीच-तीन महिने राहते. तिचे दोन्ही गुडघे झिजलेत. त्या रात्री भावाला फोन केला आणि म्हटलं, आईला भिंतीला धरून उभं कर, पाय किती वर उचलता येतो ते टेपने मोज. आई विचारत होती, "अगं, अंघोळीला पाय कशाला मोजताय?" उजवा ३८ सेंटीमीटर, डावा ३१. आणि टबाची कड मोरीच्या जमिनीपासून ४२.

म्हणजे आईला पाय ओलांडून आत जाता येणार नव्हतं. मग आम्ही रुंद, सपाट कडेचा टब शोधला. कडेच्याच उंचीचं एक स्टूल बाहेर ठेवायचं, त्यावर बसायचं, तसंच सरकून कडेवर यायचं आणि हाताने उचलून एकेक पाय आत घ्यायचा. टबाची आतली खोली ५४ सेंटीमीटर आहे. म्हणजे तळ मोरीपेक्षा १२ सेंटीमीटर खाली जातो आणि बाहेर येताना तेवढं जास्त उठावं लागतं. त्यासाठी भिंतीत दोन दांडे बसवले, एक उभा, एक आडवा. आडव्या दांड्याची उंची ठरवायला मी स्वतः रिकाम्या टबात बसून, आईसारखं डाव्या हातावर जोर देऊन दहा वेळा उठून पाहिलं. टबाच्या रंगावर मी पाच मिनिटंही घालवली नाहीत, पण या दांड्यासाठी कारागिरांना अख्खी सकाळ थांबवलं. आजही तो निर्णय बरोबर वाटतो.

अडचण आली ती धाकटीमुळे. तेव्हा ती दीड वर्षाची होती. आईला सोयीची म्हणून निवडलेली बुटकी कड नेमकी तिच्या पोटाशी येत होती. या वयात मुलांचं डोकं जड असतं. एके दिवशी रिकाम्या टबात पडलेलं खेळण्यातलं बदक काढायला ती वाकली आणि पाय जमिनीवरून सुटले. मी मागेच होते, धरलं. टबात पाणी नव्हतं. पण त्या क्षणानंतर दोन गोष्टी घरात कायमच्या ठरल्या. बाथरूमच्या दाराला बाहेरून, मोठ्या माणसाच्या हाताच्या उंचीवर कडी. आणि शेवटचा माणूस बाहेर आला की लगेच पाणी सोडून द्यायचं. इथे बरीच घरं ते पाणी राखतात. छोट्या पंपाने दुसऱ्या दिवशी कपडे धुवायला घेतात, भूकंप झाला तर संडासात ओतायला उपयोगी पडेल म्हणूनही ठेवतात. ते शहाणपणाचंच आहे, पण लहान मूल असलेल्या घरात नाही. धाकटी पाच वर्षांची होईपर्यंत आमच्याकडे ते बंद.

आता पाण्याचं. टब भरायला साधारण २०० लिटर पाणी लागतं आणि सगळं घर त्याच पाण्यात एकामागून एक बसतं. आईला हे कळलं तेव्हा ती चमकली. "दुसऱ्याचं उष्टं पाणी?" तिला मोरी दाखवली, सगळे आधी स्वच्छ होऊनच उतरतात हे सांगितलं. तरी तिचं मन तयार होईना. मग म्हटलं, पहिला मान तुझा. इथेही पहिल्या पाण्याचा मान पाहुण्याला किंवा घरातल्या मोठ्या माणसाला देतात. जुनी माणसं मात्र सांगतात, की अगदी पहिलं पाणी म्हाताऱ्यांना सोसत नाही. त्यात तथ्य आहे, कारण तेव्हा बाथरूम गार असतं. थंड खोलीतून एकदम गरम पाण्यात गेलं की रक्तदाब खालीवर होतो, आणि हिवाळ्यात इथे यामुळे अनेक वृद्ध माणसं टबातच दगावतात. सरकारचा सल्ला आहे, पाणी ४१ अंशांपर्यंतच आणि बसणं १० मिनिटांपर्यंतच. म्हणून आम्ही छतात हवा गरम करणारं यंत्र बसवलं, आणि आई जायच्या आधी अर्धा तास ते सुरू करतो. ती आत असेपर्यंत मी दाराबाहेर कपड्यांच्या घड्या घालत बसते आणि अधूनमधून हाक मारते.

पाणी तापलं की भिंतीवरच्या यंत्रातून एक बाई गोड आवाजात सांगते, "ओफुरो गा वाकिमाशिता." आईला आता तेवढं जपानी येतं.

हिनोकीच्या, म्हणजे सुवासिक जपानी सायप्रसच्या, लाकडी टबाचा मोह मलाही झाला होता. हाकोनेला गरम पाण्याच्या झऱ्यावर त्याचा वास घेतलाय, तो विसरता येत नाही. पण तो टब रोज पुसून, वाळवून ठेवावा लागतो, आणि इथला जून-जुलै कोकणातल्या पावसाळ्यासारखा दमट. बुरशी धरणारच. त्यापेक्षा फायबरचा, बाहेरून उष्णतारोधक थर दिलेला टब घेतला. झाकण ठेवलं तर चार तासांत पाणी अडीच अंशांपेक्षा जास्त गार होत नाही, इथलं मानकच तसं आहे. हिनोकीचं फक्त स्टूल आणि पाणी घ्यायचं भांडं आणलं. ओलं झालं की तेवढ्यानेही मोरी दरवळते.

वहिनीला शेवटी हिशेब करून दिला. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो, वर टबाचं आणि माणसाचं वजन. एवढा भार एका कोपऱ्यात ठेवायचा तर स्लॅबबद्दल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. दुसरं, नळाचं पाणी २५ अंश आणि गीझरचं ६५ अंश धरलं, तर ४१ अंशांच्या २०० लिटरसाठी ८० लिटर गरम पाणी हवं. २५ लिटरचा गीझर तीन-चारदा तापेपर्यंत आधीचं पाणी निवून जाईल. आणि तिसरं, बादलीच्या अंघोळीला १५-२० लिटर लागतात. इथे चारजण एकाच पाण्यात बसतात म्हणून २०० लिटर पटतात. ती दोघंच, त्यात उन्हाळ्यात सोसायटीला टँकर येतो. मी तिला स्पष्ट सांगितलं, की मोरी प्रशस्त कर, बसायला भक्कम कट्टा कर, भिंतीत दांडा बसव आणि टबाचं राहू दे. तिला वाईट वाटलं असेल. पण आई उरलेले नऊ महिने त्यांच्याकडेच असते.

यंदाच्या नरकचतुर्दशीला एक नवा प्रश्न आला. आमचा गीझर टबातलंच पाणी ओढून, तापवून परत सोडतो, त्यामुळे तेल टबात गेलं तर नळ्यांच्या आत चिकटून बसतं. बसवणाऱ्याने तेलाला सक्त मनाई केली होती. आईने ऐकून घेतलं आणि पहाटे साडेचारला मोरीत पाट मांडला. दोन्ही मुलींना तेल लावलं, उटणं चोळलं, हिनोकीच्या भांड्याने कढत पाणी घातलं, मग साबण, मग परत पाणी. धाकटीच्या कानामागे, बोटांच्या बेचक्यांत हात फिरवून तेल राहिलं नाही ना ते पाहिलं आणि मगच एकेकीला टबात सोडलं. मी मोरीची जाळी उचलली तर ती उटण्याने गच्च भरली होती. बाहेर अजून अंधार होता आणि आई कडेवर बसून आपला डावा पाय हाताने उचलत होती.