लग्नपत्रिकेपासून फॉन्टपर्यंत : आमची वाटचाल

कमर्शियल आर्ट शिकून नव्वदच्या दशकात मी पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ काम सुरू केलं. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, क्लासची पत्रकं, जे येईल ते घ्यायचं. पुढे डीटीपी आलं, मग फ्लेक्स. पोट भरत होतं, पण आपण नेमके कशाचे कलाकार, हे सांगता येत नव्हतं.

ते आधी दिसलं माझ्या पत्नीला, कारण हिशेबाची वही तिच्याकडे होती. काही प्रकाशक मुखपृष्ठाचं चित्र दुसऱ्याकडून काढून घेत आणि पुस्तकाचं नाव मात्र आमच्याकडूनच लिहून नेत. बिलात ही रक्कम सगळ्यात लहान असे, पण गिऱ्हाईक दरवेळी परत येई. "लोक तुझ्याकडे अक्षरासाठी येतात," ती म्हणाली. त्यानंतर फ्लेक्सची कामं हळूहळू बंद केली.

अक्षरांची ओढ जुनीच होती. नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची अक्षरं मी कापून ठेवत असे. र. कृ. जोशी यांचा प्रवास तर मला फार मोठा आधार वाटतो. जाहिरात क्षेत्रात कलादिग्दर्शक, मग पवईच्या आयआयटीत अध्यापन आणि त्यानंतर विंडोजमधला 'मंगल' फॉन्ट. कामं बदलली, अक्षर सुटलं नाही.

एका प्रकाशकानं शीर्षकांच्या त्याच वळणाचा पूर्ण फॉन्ट मागितला आणि आमचं काम पार बदललं. शीर्षकात पाच-सहा अक्षरं जमली की झालं. फॉन्टमध्ये शेकडो आकार लागतात, आणि कोणतंही अक्षर कोणाच्याही शेजारी येऊ शकतं. 'कि'ची वेलांटी 'स्थि'ला पुरत नाही, म्हणून तिच्या वेगवेगळ्या रुंदी काढाव्या लागतात. 'दुसऱ्या'तला र नीट बसायला हवा. ल आणि श मराठी वळणाचेच हवेत. हिंदी वळणाचे ल-श घालून मराठी पुस्तक छापलेलं मला आजही खटकतं.

आता आम्ही चौघं आहोत. नव्यानं येणाऱ्या मुलांना आम्ही पहिल्याच दिवशी एका कामाला जुंपत नाही. शीर्षकं, फॉन्ट, दुकानाच्या पाट्या सगळं करू देतो आणि कोण कशात रमतं ते पाहतो. त्यातली एक मुलगी जोडाक्षरांत रमली. सध्या लहान मुलांच्या पुस्तकांसाठीचा फॉन्ट तीच करते आहे. 'द्ध', 'ह्म' मुलांना फोड करून दाखवायचे की जोडूनच, यावर आमचा रोज वाद चालतो.