डायरेक्ट करून द्या ना भाऊ

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न नेहमीचाच आहे. लहान गाडीमागे कॅम्पिंगचा ट्रेलर ओढायचाय, तर गाडीच्या मागच्या लाइटच्या वायरींना ट्रेलरच्या वायरी जोडल्या की झालं ना? "डायरेक्ट करून द्या ना भाऊ, कायले येवढा वेळ लावता?" असं तोंडावर विचारणारेही आहेत.

मी परतवाड्यात ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. इथून पुढे चिखलदऱ्याचा घाट, तिकडे सेमाडोह आणि मेळघाट. त्यामुळे अमरावती-अकोल्याकडची मंडळी हल्ली ट्रेलर घेऊन येतात. ट्रेलर बहुधा एखाद्या ट्रॉली बनवणाऱ्याकडून करून आणलेला असतो. अँगलची चौकट, एक ॲक्सल, वर तंबू नाहीतर पत्र्याची पेटी. वेल्डिंगला नाव ठेवायला जागा नसते. पण ज्याच्या ट्रॉल्यांना कुणी कधी लाइट मागितलाच नाही, त्याच्याकडून वायरिंगची अपेक्षा कशी करणार?

"ट्रॉलीले कुठं लाइट असते?" हा पुढचा मुद्दा. नसतो, खरं आहे. कापसाच्या हंगामात जिनिंगकडे निघालेल्या ट्रॉल्या अंधार पडल्यावर अंजनगाव रोडवर पाहा. मागे लाइट नाही आणि रिफ्लेक्टर असलाच तर चिखलानं माखलेला. अशा ट्रॉलीवर मागून मोटरसायकल कशी गेली, हे कुठल्याही गावात कुणीतरी सांगेल. वर ट्रॅक्टर वीस-पंचवीसच्या स्पीडनं चालतो, तुम्ही साठनं जाणार. ट्रेलर लावला की तुमच्या गाडीचे मागचे लाइट त्याच्या आड जातात. घाटात तुम्ही ब्रेक मारला, तर मागच्या एसटीच्या ड्रायव्हरला ट्रेलरचे लाइट जेवढं सांगतील तेवढंच कळणार.

आता डायरेक्ट का नाही ते. जुन्या गाड्यांत ब्रेकच्या स्विचमधून निघालेली वायर सरळ बल्बला जायची. जास्तीचा बल्ब जोडला तर फार तर फ्यूज उडायचा, इंडिकेटरची टिकटिक बदलायची. आताच्या बऱ्याच गाड्यांत हे लाइट एक कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे छोटा कॉम्प्युटर, चालवतं आणि कुठल्या बल्बला किती करंट जातो यावर लक्षही ठेवतं. एक बल्ब उडाला की इंडिकेटर घाईघाईनं लुकलुकतो, तो याचमुळे. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर घेतो. ट्रेलरचा तसाच बल्ब त्याच वायरीवर टाकला की लोड दुप्पट झाला. मग मॉड्यूल कधी तो लाइटच बंद करतं, कधी मीटरवर इशारा देतं, आणि नशीब फुटकं असेल तर आतला इलेक्ट्रॉनिक स्विच जळतो. तो सुटा मिळत नाही, अख्खं मॉड्यूल बदलावं लागतं. त्याची किंमत ऐकली की माणूस कॅम्पिंगचं नाव काढत नाही.

म्हणून माझा नियम एकच. गाडीच्या लाइटकडून फक्त निरोप घ्यायचा, करंट घ्यायचा बॅटरीकडून. मधला निरोप्या म्हणजे रिले, थोड्या करंटवर चालणाऱ्या कॉइलनं मोठ्या करंटची वाट चालू-बंद करणारा स्विच. त्याच्या ८५ आणि ८६ नंबरच्या पिनांवर गाडीच्या लाइटची वायर आणि अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची वाट, येतं. ही कॉइल पाव अँपिअरही घेत नाही, मॉड्यूलला तिचा पत्ताही लागत नाही. ३० नंबरला बॅटरीहून फ्यूजमधून आलेली वायर, ८७ वरून ट्रेलरला. टेल (रात्री मागे सतत लागलेला लाल लाइट), ब्रेक, डावा आणि उजवा इंडिकेटर असे चार रिले झाले. हेच काम करणारा तयार बॉक्सही मिळतो आणि नव्या गाडीला मी तोच लावायला सांगतो. कारण काही गाड्यांत टेल आणि ब्रेक एकाच वायरीवर असतात. टेलच्या वेळी मॉड्यूल तीच वायर झपाझप चालू-बंद करून लाइट मंद ठेवतं. तिथं मल्टिमीटर तीन-चार व्होल्ट दाखवतो आणि साधा रिले लावला तर नुसता करकरतो. अशा गाडीत ब्रेकचा निरोप पेडलजवळच्या स्विचवरून घेतो. शोधाशोध मल्टिमीटरनंच करायची, बल्बवाल्या टेस्टरनं नाही, कारण तो बल्बसुद्धा लोडच आहे. आणि पिवळ्या कव्हरातल्या वायरीला हात लावायचा नाही, ती एअरबॅगची.

ट्रेलरला एलईडी लावले तर लोड किरकोळ, मग तरी डायरेक्ट चालेल? माझं उत्तर नाहीच. ट्रेलरखाली वायर घासून चौकटीला टेकणं ही रोजची गोष्ट आहे. तो शॉर्ट डायरेक्ट जोडणीत सरळ मॉड्यूलपर्यंत जातो. बॅटरीकडून करंट घेतला असेल तर पाच-दहा रुपयांचा फ्यूज उडतो.

फ्यूजची जागा महत्त्वाची. बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात हवा, ट्रेलरच्या टोकाला लावून उपयोग नाही. हॅझर्ड (दोन्हीकडचे इंडिकेटर एकदम), ब्रेक आणि टेल सगळे एकदम लागले तर साध्या बल्बवर आठ-सव्वाआठ अँपिअर होतात. मी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि १५ चा मेन फ्यूज टाकतो, पुढच्या चार वायरींना ५-५ चे. स्पीकरच्या पातळ वायरीवर १५ चा फ्यूज टाकला तर फ्यूज शाबूत राहतो आणि वायर वितळते. पातळ वायर दुसरीकडेही मारते. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या आठ मीटर वायरीतून पाच अँपिअर नेले, तर जवळजवळ दीड व्होल्ट वाटेतच जातात. लाल लाइट तपकिरी दिसायला लागतो आणि लोक बल्ब बदलत बसतात.

पण ट्रेलरच्या दहा तक्रारींतल्या सात-आठ अर्थिंगच्या निघतात, म्हणून इथं जरा थांबतो. बनवणाऱ्याला वाटतं, लोखंडाला लोखंड लागलंय, हुक ज्यावर बसतो त्या बॉलवरून अर्थिंग मिळतंच. बॉलला ग्रीस लावलेलं असतं, त्यात धूळ आणि आपली काळी माती. खड्ड्यात हुक उचलला की अर्थिंग तुटतं, बसला की येतं. लाइट फडफडतात. त्याहून फसवा प्रकार असा: डायरेक्ट जोडलेल्या ट्रेलरचं अर्थिंग तुटलंय आणि तुम्ही ब्रेक दाबला. करंट ब्रेकच्या फिलामेंटमधून ट्रेलरच्या सामाईक अर्थपर्यंत येतो, पुढे वाट नाही. मग तो उलटा इंडिकेटरच्या फिलामेंटमधून चढतो आणि गाडीच्या इंडिकेटरच्या बल्बमधून गाडीच्या बॉडीला जातो. बाहेरून काय दिसतं? ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो. माणूस म्हणतो, "वायरी उलट्या जोडल्या तुमी." वायरी बरोबर असतात, परतीची वाट नसते. त्यामुळे अर्थिंगची वायर वेगळी, सगळ्यांत जाड, बॅटरीच्या निगेटिव्हपासून सॉकेटमधून थेट ट्रेलरच्या प्रत्येक होल्डरपर्यंत नेतो. चौकटीलाही जोडायची, पण रंग खरवडून, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) लावून, वर ग्रीस मारून. तपासायचं असेल तर सगळे लाइट लावा, मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी ट्रेलरच्या होल्डरच्या अर्थला. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर वाटेत कुठंतरी गंज आहे.

जोड क्रिम्प करून, म्हणजे पक्कडीनं दाबून, वर हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी नळी. नुसती टेप इथल्या मे महिन्यात सुटते, डिंक गळून हाताला लागतो. वळणावर ताणणार नाही आणि जमिनीला घासणार नाही इतकीच ढील केबलला ठेवायची.

सात पिनांच्या प्लगमध्ये पिवळी वायर डाव्या इंडिकेटरची, हिरवी उजव्याची, पांढरी अर्थिंगची, लाल ब्रेकची, काळी आणि तपकिरी डाव्या-उजव्या टेलच्या. हाच क्रम पाळा, म्हणजे वाटेत दुसऱ्या इलेक्ट्रिशियनला कळतं. कुणी अमेरिकन पद्धतीचा चार पिनांचा ट्रेलर आणला तर सावध. त्यात ब्रेक आणि इंडिकेटर एकाच बल्बवर असतात, मध्ये दोन्ही निरोप एकत्र करणारा कन्व्हर्टर लागतो.

आता कूलर. आपल्याकडे लोक तंबूच्या आधी कूलरचं विचारतात, आणि त्यात काही चूक नाही. बारा व्होल्टचा कूलर पाच अँपिअर घेतो असं धरा. रात्रीचे आठ तास म्हणजे ४० अँपिअर-तास. लहान गाडीची बॅटरी साधारण ३५ ची असते. सकाळी सेमाडोहला गाडी ढकलायला माणसं शोधा! ट्रेलरला स्वतःची बॅटरी हवी आणि दोन्ही बॅटऱ्यांमध्ये व्होल्टेज पाहून जोडणारा रिले. गाडी चालू होऊन व्होल्टेज १३.३ च्या आसपास चढलं की तो जोडतो, इंजिन बंद होऊन उतरलं की सोडतो. या वायरीच्या दोन्ही टोकांना फ्यूज लागतो, कारण दोन्ही टोकांना बॅटरी आहे. नव्या गाड्यांत अल्टरनेटर मध्येच व्होल्टेज उतरवतो, तिथं डीसी-टू-डीसी चार्जर घ्या, तो गाडीचं व्होल्टेज उतरलं तरी ट्रेलरची बॅटरी चार्ज करतो. पाण्याची बॅटरी झोपण्याच्या जागेत ठेवू नका, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

वायरिंगच्या आधी दोन गोष्टी मी स्वतःच विचारतो. एक, गाडीच्या पुस्तिकेत ओढायचं वजन दिलंय का? काही लहान गाड्यांच्या पुस्तिकेत कंपनी ट्रेलर ओढू नका असं स्पष्ट लिहिते. तसं असेल तर मी काम घेत नाही, तुम्ही रागावलात तरी. दोन, पासिंग. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येत ट्रेलरही मोटार वाहनातच धरलाय, म्हणजे नोंदणी आली. घरगुती ट्रेलरचं कसं होईल ते आधी आरटीओत विचारून या.

काम झाल्यावर लोक एकेक लाइट लावून पाहतात आणि खूश होतात. एकेकटा लाइट कच्च्या अर्थिंगवरही लागतो. टेल चालू ठेवून ब्रेक दाबा, त्यातच डावा इंडिकेटर टाका, मग उजवा, मग हॅझर्ड. ब्रेक सोडताना इंडिकेटरचा उजेड हलला, तर प्लगपासून शोधायला लागा. हे दरवेळी निघताना करायचं आणि घाटाच्या पायथ्याशी चहाला थांबाल तेव्हा पुन्हा. सोबत कुणी नसेल, तर पेडल आणि सीटच्या मध्ये काठी अडकवा आणि मागे जाऊन पाहा.