तुम्ही विचारलंत म्हणून: अहाब वेडा होता, बाकीच्या तिसांचं काय?

मी बोटीवर नोकरी केली म्हटल्यावर लोक चाच्यांबद्दल विचारतात. पण मी 'मोबी-डिक' तीनदा वाचलंय हे ज्यांना ठाऊक आहे, ते हटकून वेगळंच विचारतात. "कॅप्टनचं डोकं फिरलं होतं, मान्य. पण त्याच्या नादी लागून बाकीचे मरायला कसे गेले? एकानेही अडवलं नाही?" गेल्या महिन्यात भाचीने विचारलं, त्याआधी वाचनालयात एका निवृत्त हेडमास्तरांनी. दरवेळी चहा संपेपर्यंत काहीतरी बोलून मी सुटतो. आज नीट सांगतो.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हर्मन मेल्व्हिलची ही अमेरिकन कादंबरी १८५१ची. नँटकेट बेटावरून 'पेक्वॉड' ही देवमाशांच्या शिकारीची बोट ऐन नाताळच्या दिवशी निघते. कॅप्टन अहाबचा एक पाय आधीच्या सफरीत मोबी-डिक नावाच्या पांढऱ्या देवमाशाने नेलाय आणि त्या जागी देवमाशाच्याच जबड्याच्या हाडाचा पाय आहे. मालकांनी बोट धाडलीय तेलासाठी, अहाब निघालाय त्या एका माशासाठी. शेवटी मासा बोट फोडतो आणि ही गोष्ट सांगणारा खलाशी इश्मेल एकटा वाचतो. (लंडनच्या पहिल्या आवृत्तीत इश्मेल वाचल्याचा शेवटचा मजकूरच गळाला होता. तिथल्या समीक्षकांनी विचारलं, सगळे बुडाले तर ही गोष्ट सांगतंय कोण? रास्त प्रश्न.)

आता तुमचा प्रश्न. त्यात एक गृहीत धरलेलं असतं, की वेडा माणूस वेड्यासारखा वागतो. अहाब तसा वागत नाही. मेल्व्हिलने त्याच्याच मनातलं एक वाक्य दिलंय: माझी सगळी साधनं शहाणी आहेत, वेडा आहे तो हेतू.

छत्तिसावं प्रकरण काढा. अहाब सगळ्यांना डेकवर बोलावतो आणि मास्तर पाढे विचारतो तसे प्रश्न विचारतो. देवमासा दिसला की काय करता? ओरडतो! मग? होड्या सोडतो! उत्तरं सगळ्यांची तोंडपाठ. ओरडता ओरडता तेच एकमेकांकडे बघायला लागतात, की इतक्या साध्या प्रश्नांनी आपण एवढे का तापलो. मग तो सोन्याचं नाणं काढतो, सोळा डॉलरचं. जो त्या पांढऱ्या माशाला पहिल्यांदा हेरेल त्याचं हे. आणि नाणं डोलकाठीला ठोकण्यासाठी हातोडा कोणाकडे मागतो? स्टारबककडे. हा पहिला मेट, म्हणजे कॅप्टनच्या खालोखालचा अधिकारी, बोटीवरचा एकमेव माणूस जो पुढच्या पाचच मिनिटांत म्हणणार आहे की मुक्या जनावरावर सूड उगवणं हे वेड आहे, आणि या सुडाचं तेल नँटकेटच्या बाजारात किती पिंपं भरेल? पण हातोडा तोच आणून देतो. तो आणेपर्यंत अहाब कोटाच्या घोळावर नाणं घासत उभा असतो, ते आणखी चमकावं म्हणून, तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत. मी पहिल्यांदा वाचताना हा हातोडा माझ्या लक्षातसुद्धा आला नव्हता.

पुढे अहाब आणखी एक हिशोब करतो. या लोकांना पगार नव्हता, नफ्यात वाटा होता, आपल्याकडच्या मच्छीमार बोटींवर असतो तसा. इश्मेलचा वाटा तीनशेवा हिस्सा. अहाब ओळखतो की नुसत्या सुडावर माणसं महिनोन्महिने टिकणार नाहीत, त्यांना पैशाची आशा लागतेच. म्हणून वाटेत दिसतील ते बाकीचे देवमासेही तो मारू देतो. तेलाची पिंपं गळायला लागली आणि स्टारबक सांगायला आला तेव्हा अहाब आधी त्याच्यावर बंदूक रोखतो, पण मग डेकवर येऊन त्याचंच ऐकतो. बोट सगळ्या बाजूंनी व्यवस्थित चाललेली असते. खलाशाने हरकत घ्यायची ती नेमकी कशाला?

हे मला पुस्तकातून कळलं असं म्हणणं खोटं होईल. मी थर्ड ऑफिसर होतो तेव्हाची गोष्ट. ब्राझीलहून सोयाबीन भरून चीनकडे निघालो होतो. चौथ्या-पाचव्या दिवशी बोटीवरच्या एका उंदराने कॅप्टनच्या नव्या चामडी बुटाचा अंगठा कुरतडला. पाय नाही, बूट. हसू नका, आम्हीही पहिले दोन दिवस हसलोच. तिसऱ्या दिवशी मेसच्या नोटीसबोर्डावर लाल चुंबकाखाली शंभर डॉलरची नोट लागली. उंदराची शेपटी ब्रिजवर, म्हणजे बोट चालवतात त्या वरच्या खोलीत, आणून दाखवणाऱ्याला ती मिळणार. त्यानंतर मात्र कोणी हसलं नाही. समुद्रात रोज तेच पाणी, तेच जेवण, त्याच पाच सिनेमांच्या सीड्या. उंदीर म्हणजे मोठी करमणूक झाली. कॅप्टनने जागा वाटून दिल्या, प्रत्येक वॉचला, म्हणजे पहाऱ्याच्या पाळीला, दोन माणसं जादा लावली, वहीत नोंदी ठेवल्या. काम बघाल तर चोख. कोठीतली तांदळाची पोती रात्री दोनला हलवायची आणि पहाटे परत लावायची. आठवडा झाला तेव्हा चीफ ऑफिसर म्हणाला, "सर, माणसं झोपलेली नाहीत." कॅप्टन शांतपणे म्हणाला, "उंदीर केबल कुरतडतो. आग लागली तर उत्तर कोण देणार? तुम्ही?" यात चूक काय होतं? उंदीर केबल खरंच कुरतडतात. चीफ ऑफिसर खाली निघून गेला.

चोवीस तासांत किमान १० तास विश्रांती हा नियम. त्याचा तक्ता भरायचं काम माझ्याकडे होतं. मी सगळ्यांचे दहा-दहा तास भरले. कोणी सांगितलं नव्हतं. दोन दिवसांनी एक नवा पोरगा अर्धवट झोपेत कोठीच्या शिडीवरून पडला आणि मनगट मोडून बसला. लॉगमध्ये, म्हणजे बोटीच्या नोंदवहीत, लिहिलं, पाय घसरला.

म्हणून हातोडा.

स्टारबकला आणखी एक संधी मिळते, आणि ती वाचताना मला अजून घाम फुटतो. वादळ ओसरलंय, अहाब केबिनमध्ये झोपलाय, आणि बाहेर रॅकवर तीच बंदूक आहे जी त्याने स्टारबकवर रोखली होती. स्टारबक ती उचलतो. घरी बायको मेरी आणि लहान मुलगा. एक गोळी, तीस माणसं वाचतील. तो दारापाशी उभा राहतो, स्वतःशी वाद घालतो आणि बंदूक जागेवर ठेवून देतो. पुष्कळांना तो इथे भेकड वाटतो. मला वाटत नाही. झोपलेल्या माणसाला मारायला जे लागतं ते त्याच्यात नव्हतं. ते नसतं म्हणूनच तो भला माणूस असतो, आणि अहाबला नेमकी अशीच भली माणसं हवी असतात.

बाकी मेल्व्हिल स्वतः असल्या बोटीवरून पळून गेला होता. १८४१च्या जानेवारीत 'अकुश्नेट'वर चढला आणि दीड वर्षाने, १८४२मध्ये, पॅसिफिकमधल्या मार्केसास बेटांवर उतरून एका सोबत्याबरोबर डोंगरात पसार झाला. न पळालेल्या तिसांची गोष्ट एका पळपुट्याने लिहिलीय. (जाता जाता, देवमाशाचं सगळ्यात जुनं चित्र मुंबईजवळ घारापुरीच्या लेण्यांत आहे, मत्स्यावताराचं, असं तो ठोकून देतो. तो इकडे कधी आला नव्हता. मी दोनदा जाऊन भिंती धुंडाळल्या. लेणी शैव, जिकडे पाहावं तिकडे शंकर.)

भाचीचा उपप्रश्न असा होता, की पाय गेलेला माणूस दुसरं काय करणार? त्याचं उत्तर शंभराव्या प्रकरणात आहे. 'सॅम्युएल एन्डर्बी' या इंग्रज बोटीचा कॅप्टन बूमर. त्याचा हात याच माशापायी गेलाय आणि त्यानेही हाडाचा हात लावलाय. दोघे भेटतात तेव्हा हाडाच्या हाताला हाडाचा पाय लावून सलाम होतो. बूमरला मासा नंतर दोनदा दिसला होता. मग मागे नाही गेलास? बूमर म्हणतो, एक हात गेला तेवढा पुरे नाही का? बोटीवरचा डॉक्टर आणि तो एकमेकांची टर उडवत गोष्ट रंगवतात. अहाब ऐकतो ते एवढंच, की मासा गेला कोणत्या दिशेला. आणि इतक्या घाईने परत फिरतो की स्वतःचा हाडाचा पाय त्यात तडकवून घेतो. सुताराला नवा करायला बसवतो.

आमचा उंदीर सापडला नाही. चीनला पोचल्यावर कॅप्टनची मुदत संपली, तो घरी गेला, नवा आला. त्याच आठवड्यात मीही साइन ऑफ केलं. बॅग घेऊन मेसमधून निघालो तेव्हा नोटीसबोर्डावर लाल चुंबक होता, नोट नव्हती.