राब आणि राख

परवा सकाळी इथल्या, कॅलिफोर्नियातल्या, आमच्या सामुदायिक बागेचा मेल आला. दुसऱ्या तपासणीत आमच्या रांगेतल्या मातीतल्या शिशाचा आकडा धोक्याच्या रेघेच्या, म्हणजे 80 च्या, खाली उतरलाय. ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसूनच मी तो मेल तीनदा वाचला आणि लगेच कोकणात, लांज्याला घरी फोन लावला. तिकडे रात्रीची जेवणं उरकत होती. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे आता लावायला मोकळी ना गो बाय?"

हो आबा, मोकळी. सव्वा वर्षाने.

7 जानेवारी 2025 च्या संध्याकाळी लॉस एंजेलिसजवळच्या ईटन कॅन्यनमध्ये आग लागली. सांता आना वारे, म्हणजे डोंगरातून येणारे कोरडे, सोसाट्याचे वारे, असे सुटले होते की आग विझवणारी विमानं-हेलिकॉप्टरंसुद्धा उडू शकत नव्हती. हे मुद्दाम लिहितेय, कारण "एवढी श्रीमंत अमेरिका आणि साधी आग विझवता येत नाही?" हे वाक्य मी तिकडच्या निदान दहा जणांकडून ऐकलंय. त्या वाऱ्यात दाराबाहेर उभं राहून बघा, मग बोलू. 14,000 एकर जळलं, 9,400 हून जास्त घरं आणि इमारती गेल्या, 19 माणसं गेली. आमचं घर खाली पॅसाडीनात, ते वाचलं. बाग वर अल्टाडीनात. तिथली अवजारांची शेड, लाकडी वाफे, ठिबकच्या नळ्या आणि मी सहा वर्षं जपलेला शेवगा, सगळं एका रात्रीत संपलं.

त्या आठवड्यात आबा फोनवर म्हणाले होते, "राख पडली असेल ना भरपूर? मग यंदा पीक बघ कसं येतं."

मला रडूच फुटलं. आबांचं काहीच चुकलं नव्हतं. आमच्याकडे राख म्हणजे आशीर्वाद. मार्च-एप्रिलमध्ये तरव्याच्या, म्हणजे भाताची रोपं करायच्या, जागेवर कवळ (तोडलेल्या डहाळ्या), पातेरा, शेण रचायचं, वर मातीचा हलका थर द्यायचा आणि वारा पडला की पेटवायचं. राबाच्या या भाजावळीचा तो वास मला आजही झोपेतून उठवू शकेल. दुसऱ्या दिवशी राख कोमट असतानाच आई टोपलीभर बाजूला काढायची. ती वालाच्या बियाण्याला लागायची, वांग्याच्या पानांवर भुरभुरायला लागायची आणि भांड्यांनाही लागायची. राखेला कधी कुणी घाबरलेलं मी पाहिलं नाही.

इथली राख वेगळी. ती पाल्याची नाही, घरांची आहे. अल्टाडीनातली बहुतेक घरं जुनी. 1978 मध्ये घरांच्या रंगात शिसं घालायला बंदी आली, त्याच्याही आधीची. भिंतींचे थरावर थर दिलेले रंग, गाड्यांच्या बॅटऱ्या, वायरी, फ्रीज, छपरातलं ॲस्बेस्टॉस, सगळं जळून हवेत गेलं आणि आमच्या वाफ्यांवर येऊन बसलं. हे आबांना समजावताना मला शब्द सापडेनात. शेवटी म्हटलं, "आबा, ही राख भांडी घासायलासुद्धा चालणार नाही." तेव्हा ते गप्प झाले.

आता त्या माती-तपासणीबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. पहिल्या दिवशी आम्ही बाराजण पांढरे सूट, मास्क, हातमोजे घालून आत गेलो. एका वाफ्यात पाच ठिकाणी खुरप्याने वरची माती काढायची, बादलीत एकत्र करायची, खडे-मुळं वेचायची, पिशवीत भरून वर वाफ्याचा नंबर आणि तारीख लिहायची. मग खुरपं धुऊन, पुसून पुढचा वाफा. दरवेळी धुऊन. पाचव्या वाफ्याला माझा हात नुसताच पुढे गेला, तर एका निवृत्त शिक्षिकेने हलकेच मनगट धरलं आणि पाण्याची बाटली पुढे केली. त्या दिवशी चिडले होते. आज मला त्या बाईंचा आदर वाटतो. कॅलिफोर्नियात राहत्या जागेच्या मातीत एका किलोमागे 80 मिलिग्रॅम शिसं ही धोक्याची रेघ मानतात. आमचा पहिला आकडा तिच्या बराच वर होता. मग वरची माती खरवडून काढणं, ती झाकून नेणं, नवी माती, कंपोस्टचे ढीग, पुन्हा पिशव्या, पुन्हा वाट पाहणं. सगळं लोकांनी केलं, शनिवार-रविवार घालवून. त्यातल्या निम्म्यांना स्वतःचं घर उरलेलं नव्हतं.

सरकारी सफाईचं मात्र मला कौतुक करवत नाही. जळालेल्या घरांच्या जागेवरची 6 इंच माती ट्रकने नेली आणि खाली काय उरलंय ते तपासलंच नाही. ज्या देशात खुरपं धुतल्याशिवाय पुढचा वाफा खणू देत नाहीत, तिथे हे व्हावं याचा मला अजून राग आहे.

माझा मामेभाऊ म्हणतो, "आमच्या काजूत वणवा शिरला तेव्हा कोण आलं होतं पिशव्या घेऊन?" खरंय. दोन वर्षांपूर्वी त्याची ऐन फळावर आलेली कलमं गेली. त्याने पंचनाम्याची वाट बघितली, मग पावसाच्या तोंडावर नवी कलमं लावली, आणि गावातले सात-आठजण न बोलावता खड्डे मारायला आले. त्या माणसांपुढे मी इथल्या कुठल्याही व्यवस्थेला उभं करणार नाही. पण त्याची राख गवताची होती. माझ्या लेकीने याच बागेतली माती तोंडात घालून दात काढले, म्हणून मला आकडा हवा होता.

तो आणखी एक गोष्ट म्हणतो: "तिकडे परक्याच्या जमिनीत राबतेस, इथे आबांच्या परसात रान माजलंय." याचं उत्तर मी त्याला दिलेलं नाही. आबा ते कधीच बोलत नाहीत. पण या सव्वा वर्षात मी जितकी माती उपसली, ती मला घरच्यासारखीच वाटते. दोन्हीकडे हात पुरत नाहीत, तर जिथे आहे तिथे तरी घालावेत.

माझ्या शेजारच्या वाफ्यातल्या आजी लुईझियानाच्या. त्यांचे आईवडील पन्नासच्या दशकात अल्टाडीनात आले. आमची ओळख भेंडीवरून झाली. त्या गम्बोत, म्हणजे त्यांच्याकडच्या दाट रश्शात, घालतात, मी ताकातली करते, आणि चिकट भेंडीला नावं ठेवणाऱ्यांबद्दल आमचं दोघींचं एकमत आहे. त्यांनी मला दिलेलं बियाणं माझ्या मसाल्याच्या कपाटात एका डबीत होतं. त्यांचं घर गेलं, त्यात त्यांच्या आईपासून चालत आलेलं सगळं बियाणं गेलं. मी डबी घेऊन गेले तेव्हा त्यांनी झाकण उघडलं, दाणे तळहातावर ओतले आणि एकेक करून मोजले. बत्तीस. सोळा मला परत दिले. मी नको म्हणत होते. "एका घरात सगळं ठेवायचं नाही," म्हणाल्या.

जाणकारांनी सांगितलंय, पहिल्या हंगामात फळभाज्याच घ्या. भेंडी, टोमॅटो, मिरचीच्या फळात शिसं फारसं चढत नाही. मुळा, गाजर, पालेभाज्यांना धोका जास्त. म्हणजे मेथी नाही, आणि अळूही नाही. श्रावणात अळूवड्यांसाठी दुकानातली पानं आणणं आलं. कढीपत्त्याचंही रोपच शोधावं लागणार. मैत्रिणीच्या गावाहून आणता येत नाही. लिंबूवर्गीय झाडांना रोग देणारी कीड कढीपत्त्यावर राहते, म्हणून इथे क्वारंटाइन आहे. हा नियम मला पटतो, तरी फोडणी टाकताना जीव तुटतो.

शनिवारी नवीन लाकडी चौकटी बसवायच्या आहेत. वर जाताना सांता रोझा अव्हेन्यूवरून जाते. 1880 च्या दशकात लावलेली देवदारांची रांग आहे तिथे, मुळात आपल्या हिमालयातलं झाड. आजूबाजूची घरं जळाली, ती झाडं उभी राहिली. आबांना त्यांचा फोटो पाठवला. त्यांनी उत्तरात परसातला फोटो पाठवला: तरव्याची जागा, काळी, नुकती भाजलेली. खाली लिहिलं होतं, "रान काढलं थोडं. गुडघा दुखतोय."

मी मे महिन्याचं तिकीट बघतेय.