आईला काय दाखवायचं

शनिवार, १४ जून. डर्बन.

पुढच्या शुक्रवारी आई येतेय. नवऱ्याने तिच्यासाठी यादी करून फ्रिजवर लावलीय: मोझेस मभिदा स्टेडियम, उशाका मरीन वर्ल्ड, उम्हलांगाचं दीपगृह. यादी चांगलीच आहे. स्टेडियमची १०६ मीटर उंच कमान शहरात बऱ्याच ठिकाणांहून दिसते, आणि दीपगृहाचा लाल-पांढरा रंग फोटोत छान येतो. पण या गावात मला जे पुन्हा पुन्हा बघावंसं वाटतं, त्यातलं काहीच त्या कागदावर नाही. म्हणून आज पहाटेच बाहेर पडले, आईला घेऊन कुठून कुठे फिरायचं ते ठरवायला.

रत्नागिरीच्या माणसाने जन्मभर सूर्य समुद्रात बुडतानाच पाहिलेला असतो. इथे तो समुद्रातून वर येतो, जूनमध्ये सातच्या जरा आधी. तिकडे मृगाचा पाऊस आणि इथे कोरडा, निळाभोर हिवाळा. पाणी मात्र इतकं उबदार की मुलं सर्फबोर्ड घेऊन उजाडायच्या आधीच आत शिरलेली असतात. किनाऱ्यावर शार्कसाठी १९५२ पासून जाळी लावतात, हे आईला आधीच सांगून ठेवायला हवं. नाहीतर ती मला गुडघाभर पाण्यातही जाऊ द्यायची नाही.

आज नॉर्थ बीचवर झायनिस्ट चर्च या आफ्रिकी ख्रिश्चन पंथाची मंडळी आली होती. पांढरे पायघोळ झगे, त्यांवर हिरवे-निळे पट्टे, हातात काठ्या. दोन पुरुष कमरेइतक्या पाण्यात उभे राहून एकेकाला धरून लाटेखाली बुडवत होते. एक आजी तीनदा बुडून वर आल्या, नाकातोंडात पाणी गेलेलं, खोकत खोकत हसत होत्या. काठावरच्या बायकांनी गाणं न थांबवता त्यांच्या अंगावर ब्लँकेट टाकलं. मग बाटल्या निघाल्या. कोल्ड्रिंकच्या दोन-दोन लिटरच्या रिकाम्या बाटल्या. लाट मागे फिरताना बाटली आडवी धरायची, भरली की वाळू खाली बसू द्यायची, वरचं फेसाळ पाणी ओतून टाकायचं आणि झाकण घट्ट लावायचं. हे पाणी पार जोहान्सबर्गपर्यंत जातं. घरात शिंपडतात, औषध म्हणून थोडं पितातही. काशीहून गंगेचा गडू आणावा तितक्याच जपून ते बाटल्या पिशवीत ठेवत होते. आईला हे समजावून सांगावं लागणार नाही.

तिथून उत्तरेला, उमगेनी नदी समुद्राला मिळते त्या ब्लू लगूनला हिंदू कुटुंबं पूजेला येतात. आज तिथे वाळूत झेंडू, कापराचा काळा डाग आणि लाटेने परत आणलेला एक नारळ होता.

शेजारच्या आंटी सोबत होत्या. त्यांचे पूर्वज मद्रासकडून उसाच्या मळ्यांवर आले. एरवी त्या खूप बोलतात, पण बीचवर आल्या की जरा गप्प होतात. आज म्हणाल्या, "आम्ही लहान असताना या वाळूवर पाय ठेवायची सोय नव्हती. आमच्यासाठी वेगळा तुकडा होता." ही पोहण्याची जागा फक्त गोऱ्यांसाठी राखीव आहे, असे इंग्रजी, आफ्रिकान्स आणि झुलू अशा तीन भाषांतले फलक इथे १९८९ मध्येसुद्धा उभे होते. तेव्हा मी शाळेत होते, म्हणजे हे काही फार जुनं नाही. म्हणूनच एप्रिल २०२२ च्या महापुरानंतर मैलापाणी समुद्रात जाऊ लागलं आणि किनारे महिनोन्महिने बंद राहिले, तेव्हा मला जो संताप आला तो अजून गेलेला नाही. इतक्या उशिरा सगळ्यांचं झालेलं पाणी असं घाण होऊ देणं अक्षम्य आहे.

वाळूतून मगरी आणि मोटारी घडवणारी मुलं, मण्यांचा भला मोठा शिंगांचा मुकुट घातलेले रिक्षावाले, हे सगळं वाटेत येतंच. हातरिक्षा इथे १८९२ मध्ये मार्शल कॅम्पबेल या साखर कारखानदाराने आणल्या. माणसाने ओढलेल्या गाडीत आई बसणार नाही. फोटोचे पैसे देऊ आणि पुढे जाऊ.

तिथून वॉरिक जंक्शन. रेल्वे, बस, टॅक्सी सगळं एकाच ठिकाणी येतं, रोज चार लाखांवर माणसं इथून जातात. मिनीबस टॅक्स्यांमधून गोम या इथल्या नाचाच्या संगीताचा दणका इतका असतो की छातीत जाणवतो. एका अर्धवट राहिलेल्या उड्डाणपुलावर जडीबुटीचा बाजार भरतो. साली, मुळ्या, कंद आणि इम्पेफो या वनस्पतीच्या वाळक्या जुड्या. पूर्वजांना हाक मारायची तर घरात इम्पेफोचा धूर करतात. वास जरा कडवट, पण रेंगाळणारा.

त्याच्या शेजारी माझं सर्वांत आवडतं ठिकाण, १९१० पासूनचं अर्ली मॉर्निंग मार्केट. उसाच्या मळ्यांवरचा मजुरीचा करार संपल्यावर भाजीपाला पिकवू लागलेल्या भारतीयांनी हा बाजार उभा केला. आज एका गाळ्यावर त्यांची पणतवंडं आणि शेजारच्या गाळ्यावर झुलू बायका बसतात. आज आमाडुंबे आले होते, म्हणजे आपल्या अळकुड्या, माती तशीच लागलेल्या. अळूची पानंही होती. इथली भारतीय कुटुंबं त्यांचा पथा करतात, म्हणजे थेट आपली अळूवडी, आणि पुरीबरोबर खातात. मी ज्यांच्याकडून कोथिंबीर घेते ते काका बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून जुड्यांवर पाणी शिंपडत असतात आणि गिऱ्हाइकाशी झुलूत घासाघीस करतात. ठरलं की कढीपत्त्याची काडी वरून ठेवतात. २००९ मध्ये महापालिका हा बाजार पाडून तिथे मॉल बांधायला निघाली होती. विक्रेते रस्त्यावर उतरले, कोर्टात गेले आणि बाजार राहिला. आईला मॉल दाखवायचा नाहीच आहे, हा बाजार दाखवायचा आहे.

दुपारी बोटॅनिक गार्डनमध्ये बसायचं, तिला झाडं लागतात. १८४९ ची ही बाग, गवतावर सगळीकडे आपल्या साळुंक्या. त्यांनाही इथे माणसानेच आणलं. एका सायकडजवळ, म्हणजे ताडासारख्या दिसणाऱ्या एका झाडाजवळ, मात्र तिला मुद्दाम नेणार आहे. एन्सेफॅलार्टोस वुडी. १८९५ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मेडली वुड यांना ओंगोयेच्या जंगलात या जातीचं एकच झाड सापडलं, तेही नर. मादी आजवर कुणाला मिळालेली नाही. जगात आज जितकी आहेत ती सगळी त्याच एका झाडाच्या फुटव्यांपासून वाढवलेली. पानांचा तो डोलारा बघून मला दर वेळी भरून येतं.

आणि रविवारी शहराबाहेरचं इनांडा. १८६० मध्ये 'ट्रुरो' जहाज ३४२ गिरमिटियांना, म्हणजे करारावरच्या भारतीय मजुरांना, घेऊन इथे लागलं आणि १९११ पर्यंत दीड लाखांवर माणसं आली. करार संपूनही मायदेशी न परतणाऱ्यावर वर्षाला तीन पौंडांचा कर लादला होता. १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर आले, डर्बनलाही आले आणि त्यांनी हा कर रद्द करा म्हणून सरकारकडे आग्रह धरला. १९१४ मध्ये तो रद्द झाला. त्याच दौऱ्यात गोखले भारतीयांच्या सभांत मराठीत बोलले आणि गांधीजींनी त्याचं हिंदुस्थानीत भाषांतर केलं. आईने गोखल्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात वाचलंय, ते इथे ऐकताना तिचा चेहरा कसा होतो ते मला बघायचं आहे. गांधीजींनी १९०४ मध्ये वसवलेल्या फिनिक्स आश्रमातून, आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे पहिले अध्यक्ष जॉन डुबे यांची ओह्लांगे शाळा गाडीने अगदी जवळ आहे. २७ एप्रिल १९९४ ला मंडेलांनी आयुष्यातलं पहिलं मत याच शाळेत दिलं. डुबे यांची समाधी तिथेच आहे. दोन्ही ठिकाणं एका सकाळीत होतील.

फ्रिजवरच्या यादीखाली हे सगळं लिहून ठेवलंय. उशाकाची तिकिटं आधीच काढली आहेत, तेव्हा ते सोमवारी. बाजाराला सहाला निघायचं, म्हणजे अळूची पानं संपायच्या आत पोचू. वडीचं पीठ आई स्वतः कालवेल.